खिडकीच्या गजाशी फुगडी

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, तालमीच्या पहिल्याच दिवशी, माझ्या हातांतून तिचे हात सुटले. ती म्हणजे माझी फुगडीची जोडीदारीण. लालबागला राहते, माझ्याच वयाची, म्हणजे सत्तरीच्या पलीकडची. हात सुटले तशी ती पाठमोरी भिंतीकडे गेली आणि तिथे रचून ठेवलेल्या सतरंज्यांच्या चळतीवर धपकन बसली. त्या सतरंज्या नसत्या तर काय झालं असतं याचा विचार मी पुढे बरेच दिवस टाळत होते.

गाणं थांबलं, ढोलकी थांबली. सगळ्या धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पदराने वारा घालायला लागलं. तिच्या कोपराला थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माका काय झाला नाय गो. आधी तिका बसवा. तिचा तोंड बघा कसा झालाहा."

नातवंडांनो, तुम्ही दोघं इतक्या लांब वाढलात, म्हणून आधी थोडं सांगते. लग्नानंतरच्या श्रावणात मंगळवारी नवी नवरी मंगळागौर पूजते आणि संध्याकाळी बायका जमून खेळ खेळतात. झिम्मा, पिंगा, फुगडी आणि असे किती तरी. पूर्वी हे घरोघरी व्हायचं, घरातल्याच बायका खेळायच्या. आता बऱ्याच घरांत खेळ येणारं कुणी नसतं, म्हणून लोक हॉल घेतात आणि आमच्यासारख्या गटाला बोलावतात. आमचा गट परळ, नायगाव, दादर या बाजूच्या बायकांचा. मी त्यात आले ती नोकरीतून निवृत्त झाल्यावर, शेजारणीबरोबर सहज बघायला म्हणून. पहिल्याच दिवशी हिच्याशी जोडी लागली, कारण आमची उंची सारखी होती. तेव्हापासून दुसऱ्या कुणाशी मी फुगडी घातलेली नाही.

फुगडी लांबून सोपी दिसते. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पावलांना पावलं लावतात, हातांची फुली करून एकमेकींचे हात धरतात आणि मागे झुकून गरागरा फिरतात. पण त्या मागे झुकण्यातच सगळं आहे. फिरताना कुणीच स्वतःच्या पायांवर सरळ उभी नसते. एकीचं वजन दुसरीच्या मुठीत असतं. एकीची मूठ ढिली झाली तर पडते ती दुसरी.

त्या दिवशी घरी आल्यावर तुमच्या आजोबांनी विचारलं, "कशी झाली तालीम?"

"ती पडली," मी म्हटलं.

"अरे बापरे. आणि तू?"

"मी उभी होते."

हेच मला लागलं होतं. मी पडले असते तर बाम लावून, शेकून मोकळी झाले असते. पण मी जागच्या जागी उभी, आणि ती भिंतीपाशी.

तालीम संपल्यावर चहा घेताना आमच्या गटाच्या प्रमुख बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. बाई म्हणते, पण वयाने तुमच्या आईएवढीच आहे. बँकेत नोकरी करते, आवाज खणखणीत, आणि कुणाला काही कटू सांगायचं असलं की आधी बिस्किट पुढे करते. तिने माझ्यापुढे बिस्किट धरलं.

"काकू, एक सुचवू? यंदा निवेदन तुम्हीच करा ना. तुमचं बोलणं किती स्वच्छ. शिवाय इंग्रजी. परवा त्या वरळीच्या लोकांनी विचारलंच होतं, त्यांचे अर्धे पाहुणे अमराठी आहेत म्हणून."

"आणि फुगडी?"

"फुगडीला यंदा नव्या मुली आल्यात की."

नव्या मुलींमधली सर्वांत धाकटी पंचावन्नची होती.

'बघते,' म्हणून मी बिस्किट घेतलं. तिचा हेतू चांगला होता, आणि कुणी पडलं तर जबाबदारी तिचीच होती. निवेदनाचं काम मानाचं. खुर्ची मिळते, माइक मिळतो, जांभळी साडी मिळते. आमच्या गटात खेळणाऱ्यांना हिरवी नऊवारी आणि गाणाऱ्या-बोलणाऱ्यांना जांभळी. हिरवीतून जांभळीत गेलेली बाई परत हिरवीत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जिना उतरताना जोडीदारणीने विचारलं, "निवेदन करतंस?"

"तू काय म्हणतेस?"

"माका काय विचारतंस? गोड बोलशील, चष्मा लावून वाचशील. पण माझ्यावांगडा फिरायचा असला तर हात घट्ट होऊक व्हये." मग म्हणाली, "एकादशीपर्यंत थांबतंय. मगे माका दुसरी बघूक लागतली. माझी कवटी काय स्टीलची नाय."

म्हणजे आषाढी एकादशी. साधारण सव्वा महिना होता. मला तिचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण सबंध दिवसात माझ्याशी सरळ बोललेली ती एकटीच होती.

आता हात ढिले का पडले ते सांगते. दिवाळीनंतर माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाकू नका, ओझं उचलू नका, असं सांगितलं. त्याआधी माझं सगळं घड्याळासारखं चाललं होतं. पहाटे उठून फाइव्ह गार्डनपर्यंत चालणं, तिथे थोडा व्यायाम, येताना भाजी. तो महिना संपला, डोळा छान झाला, आणि मी ठरवलं की आता एक जानेवारीपासून पुन्हा सुरू करायचं. केलं. संक्रांतीपर्यंत नीट चाललं. मग हळदीकुंकवाची गडबड झाली, दोन दिवस बुडले. झालं. मोडलंच आता, तर नीट पुन्हा पाडव्यापासून करू, असं मनात म्हटलं. पाडव्याला उत्साहाने सुरू केलं आणि आठवड्याने ताप आला. मग अक्षय्य तृतीया. तिच्या दुसऱ्याच दिवशी आजोबांचे एक चुलतभाऊ सामानासकट हजर.

तुम्ही विचाराल, आजी, दोन दिवस बुडले तर तिसऱ्या दिवशी का नाही केलं? तेच तर. मी इंग्रजी शाळेत शिकले, आयुष्यभर कचेरीत काम केलं, पण हा सुरू करण्याचा आणि मोडण्याचा हिशेब माझ्यात आला तो आमच्या घरातल्या चातुर्मासातून. पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत बायका काहीतरी नेम धरतात. नेम म्हणजे स्वतःशी ठरवलेली गोष्ट. एखादा पदार्थ खायचा नाही, रोज देवळात जायचं, असं काहीही. माझ्या सासूबाईंचे नेम कडक असत. चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं. एका वर्षी शेजारच्या घरी जेवताना त्यांनी भरीताचा घास तोंडात घातला, बोलण्याच्या नादात. भोपळ्याचं म्हणून घातला आणि ते वांगं निघालं. घरी येऊन त्या जेवणघरात बसून रडल्या. मी तेव्हा नवी नवरी. म्हटलं, आई, चुकून झालं, उद्यापासून पुन्हा पाळा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फुटलेलं अंडं पुन्हा कवचात भरायला सांगतेय. "मोडला तो मोडला," त्या म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षी." आणि उरलेला चातुर्मास त्या खरोखर वांगी खात होत्या.

मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. पण मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिले की त्यांचा नियम माझाही झाला, आणि मी तो नको तिथे लावला. मोडला तो मोडला. आता पुढचा चांगला दिवस बघायचा. आणि आपल्याकडे चांगले दिवस महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने येतात.

रविवारी रात्री, सोमवारी दिवसभर मी हाच विचार करत होते. आमच्या कचेरीत लोक उशिरा येत. लाल शाईत खूण होई, साहेब रागावत, पण उशीर झाला म्हणून कुणी पुढच्या एक तारखेपर्यंत घरी बसल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे मुकाट्याने येत. मीही येत असे. मग व्यायामाच्या बाबतीतच मी एवढी सोवळी कशी झाले?

मंगळवारी सकाळी आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभे होते. ते रोज सकाळी तिथे उभे राहून दिवसाची बातमी देतात.

"मी आजपासून व्यायाम सुरू करतेय," मी म्हटलं.

"आज? आज अमावस्या आहे."

"म्हणून तर आज."

त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे मोडलाच तर दोष अमावस्येचा?"

"मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिथी कोणती का असेना."

"बघू," ते म्हणाले. तुमच्या आजोबांचं 'बघू' म्हणजे काय हे तुम्हांला फोनवरूनही माहीत आहे.

आधी मी आमच्या डॉक्टरांना दाखवून आले. डोळा ठीक, रक्तदाब ठीक, पण एकदम अंगाला हिसका देऊ नका, हळूहळू वाढवा, असं ते म्हणाले. मग सुरुवात केली. सकाळचं चालणं तर पुन्हा धरलंच, पण आता मला हात हवे होते, मांड्या हव्या होत्या. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. पहिल्या दिवशी मला माझ्याच खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागलं. टॉवेल मशिनीतून न पिळता बाहेर काढले आणि हाताने पिळायला लागले. ते दोरीवर दिवसभर ठिबकत राहिले आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

पण पकड आणि मागे झुकणं एकत्र कसं करायचं ते सुचेना. फुगडी एकटीने घालता येत नाही. मी आजोबांना म्हटलं, "अहो, जरा माझे हात धरा."

"कशाला?"

"मी मागे झुकते. तुम्हीही झुका."

"आणि मग आपण दोघे कुठल्या हॉस्पिटलात जाऊ ते आधी ठरवून ठेवू."

शेवटी युक्ती त्यांनीच काढली. एक जुनी सोलापुरी चादर घेतली, दोरासारखा पीळ घातला आणि खिडकीच्या लोखंडी गजाला बांधली. आमच्या जुन्या इमारतीचे गज मनगटाएवढे जाड आहेत. त्यांनी गाठ दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "मी म्हातारा झालो. हा गज अजून तरुण आहे. याच्याशी घाल फुगडी."

तर तशी घालायला लागले. चादरीची दोन्ही टोकं मुठीत, पावलं भिंतीला लावलेली, आणि हळूहळू मागे. मागे गादी पसरलेली. पहिले काही दिवस बोटं इतकी दुखत की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. समोरच्या इमारतीतली एक मुलगी आपल्या खिडकीतून बघत उभी राही. मी तिला हसून दाखवी, ती पडदा ओढून घेई.

मधेच एकदा मसाला आणायला लालबागला गेले. जोडीदारणीच्या घरी वर्षाचा मसाला नुकताच कांडून आला होता, आणि ती खोलीत जमिनीवर बसून बरण्या भरत होती. मी जिन्यातूनच शिंकत वर गेले. तिच्याकडे खुर्ची एकच, तिच्यावर तिच्या मुलाचं ऑफिसचं सामान. मी जमिनीवर बसले. निघताना उठायला कपाटाचा दांडा धरला.

"सोड कपाट," ती म्हणाली.

"अगं, उठू तरी दे."

"कपाट येतला काय तुझ्यावांगडा स्टेजवर? सोड."

मी सोडलं. गुडघ्यावर आले, एक पाय पुढे घेतला, कशीबशी उठले. तिने मदत केली नाही. बरणीचं झाकण लावत तिने नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "परवापेक्षा बरा." परवा म्हणजे ती पडली तो दिवस. त्यानंतर दोन आठवडे लोटले होते.

आणि मग व्हायचं तेच झालं. जूनच्या मध्यावर आजोबांची भाची नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन रत्नागिरीहून आली. बरोबर आंब्यांची शेवटची पेटी आणि लोणच्यासाठी पोतंभर कैऱ्या. मुंबई दाखवायची, खायला घालायचं, त्यातच लोणचं. पहिल्या सकाळी चालणं बुडालं. दुसऱ्या दिवशी चालणंही नाही आणि चादरही नाही. तिसऱ्या दिवशी मी कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावत असताना मनात तो ओळखीचा आवाज आला. आता मोडलंच आहे. पाहुणे रविवारी जातील. मग सोमवारपासून नीट करू. सोमवार चांगला, आठवड्याचा पहिला दिवस.

मी हात थांबवले. बरं झालं, आवाज ओळखू आला.

शुक्रवार होता. दुपारचे चार वाजले होते. ती कसलीही वेळ नव्हती, ना सकाळ ना संध्याकाळ. पाहुणे बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपले होते. सोलापुरी चादर त्यांच्या अंगावर होती आणि खिडकीखाली त्यांचा धाकटा पसरला होता. उरली स्वयंपाकघराची खिडकी. तिच्याखाली लोणच्याच्या बरण्या. मी बरण्या एकेक करून ओट्यावर सरकवल्या. हाताला हळद होती, ती डाळीच्या पिठाने धुतली. आजोबांचा धुतलेला पंचा घेतला, त्याला पीळ घातला, गजाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. मागे घालायला गादी नव्हती, म्हणून कैऱ्यांचं रिकामं पोतं आणि त्यावर दोन उशा टाकल्या. साडीचा पदर खोचला आणि मागे झुकले.

खरं सांगू, फार झालं नाही. पंचा तोकडा होता, पावलं नीट टेकत नव्हती, तीन दिवसांत बोटं पुन्हा कुरकुरायला लागली होती. पण मी मागे झुकून तशीच राहिले आणि मनात गाण्याचं एक कडवं सबंध म्हटलं. मग पुन्हा एकदा.

दारात भाची उभी. पाणी प्यायला आली होती. "मामी! हे काय?"

"फुगडी."

"कुणाशी?"

"खिडकीशी."

ती बघतच राहिली. मग पाणी न पिताच बाहेर गेली आणि नवऱ्याला उठवून काहीतरी कुजबुजली. संध्याकाळी जावई माझ्याशी जरा जास्तच अदबीने बोलत होते.

या सगळ्या दिवसांतलं मला विचाराल तर ती दुपार महत्त्वाची. अमावस्येला सुरू करण्यात थोडा तोरा होता, आजोबांना दाखवायचं होतं. शुक्रवारी चार वाजता कुणालाच काही दाखवायचं नव्हतं. त्यानंतर जुलै उजाडेपर्यंत आणखी दोनदा बुडालं, एकदा पोट बिघडलं म्हणून आणि एकदा नुसता कंटाळा आला म्हणून. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी हात गजाकडे गेले. कंटाळ्याच्या वेळी जरा जास्त ओढून न्यावे लागले, एवढंच.

एकादशीच्या आधीच प्रमुख बाईंचा फोन आला. त्या हिंदमाताला साड्यांच्या दुकानातून बोलत होत्या, मागे गलका. "काकू, साड्या घेतेय. शिलाईला आजच टाकायच्यात. तुमची जांभळी ना?"

आमच्या नऊवारी शिवून घेतलेल्या असतात, प्रत्येकीच्या मापाच्या. शिवली की ती तिचीच.

"हिरवी," मी म्हटलं.

 "काकू, अजून आपण पुन्हा करून पाहिलं नाहीये. तुमची जोडी..."

"ठाऊक आहे मला."

"नाही जमलं तर?"

"तर पुढच्या वर्षी कुणाला तरी माझ्या मापाची आयती हिरवी मिळेल. मी पैसे देईन. पण जांभळी घेऊ नकोस."

अर्ध्या तासात लालबागहून फोन. "हिरवी सांगितलंस म्हणे? नाय जमला तर काय, हिरवी नेसून माईकवर उभी रवतलंस?"

"एकादशीला कळेल."

"एकादशीक माझो उपास असता. साबुदाण्यावर फिरूक जमाचा नाय. रविवारी बघू."

रविवारी हॉलमध्ये सगळ्या जमल्या तेव्हा कुणीतरी सतरंज्या पुन्हा भिंतीशी रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यापुढे दोघीजणी सहज उभ्या असल्यासारख्या उभ्या होत्या. मला ते दिसलं. तिलाही दिसलं. ती मोठ्याने म्हणाली, "बाजूक व्हा गो. लगीन लागता काय हयसर, अंतरपाट धरून?"

हसू फुटलं आणि त्या बाजूला झाल्या.

आम्ही पावलं जुळवली. तिचे हात धरले. तिच्या हाताला अजून मिरचीचा वास होता. आधी नुसत्याच मागे झुकलो, न फिरता. तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि हळूहळू आपलं वजन सोडलं. सगळं नाही. मी धरलं. तिने आणखी सोडलं. माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत एक दोरी ताणल्यासारखी झाली, पण बोटं हलली नाहीत. मग ती म्हणाली, "चल."

गाणं सुरू झालं. पहिले फेरे सावकाश, मग थोडा वेग. छताचे पंखे आणि बायकांचे चेहरे एकमेकांत मिसळले. फुगडीत सर्वांत कठीण असतं ते थांबणं. वेग दोघींनी एकदम कमी करावा लागतो, आणि शेवटचा फेरा पुरा होईपर्यंत हात सोडायचे नसतात, डोकं गरगरत असलं तरी. आम्ही थांबलो. हात धरूनच उभ्या राहिलो. सगळं स्थिर झाल्यावर तिनेच आपले हात काढून घेतले आणि तळवा उलटा करून पाहिला.

"नखा काप," ती म्हणाली. बस. एवढंच.

प्रमुख बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच कामाचं बोलल्या. "साधी फुगडी तुमची. पण बसफुगडी आणि एकहाती नव्या मुलींना देते, काकू. त्यावर वाद नको." उकिडवं बसून उड्या मारत घालायची ती बसफुगडी, ती आम्ही दोघी गेल्या वर्षीपर्यंत घालत होतो. माझ्या तोंडावर नाराजी आली असावी. जोडीदारणीच्या तर आलीच. ती काहीतरी बोलणार होती, पण मीच म्हटलं, "ठीक आहे." ते खरोखर ठीक होतं. मी तिला साधी फुगडी न पाडता देऊ शकत होते. बसफुगडीची खात्री मला नव्हती, आणि खात्री नसताना तिच्या कवटीवर मी काही लावायला तयार नव्हते.

श्रावणातला पहिला कार्यक्रम गिरगावात होता, एका वाडीतल्या हॉलमध्ये. मी त्याच भागात लहानाची मोठी झाले, पण त्या संध्याकाळी आजूबाजूला बघायला मला सवड नव्हती. हिरवी साडी चापून बसली होती, शिंप्याने निऱ्या छान घातल्या होत्या. निवेदन त्या नव्या मुलींपैकी एकीने केलं, आणि चांगलं केलं. तिला थोडं इंग्रजी मी शिकवून ठेवलं होतं. आमची पाळी आली तेव्हा नवरी पुढे सरसावून बसली होती आणि तिची आजेसासू तिला कोपराने ढोसून म्हणत होती, "बघ, बघ, या माझ्याएवढ्या आहेत." आम्ही फिरलो. आजोबांनी व्हिडिओ काढला, पण बहुतेक वेळ त्यांचं बोट कॅमेऱ्यावर होतं. म्हणून तुम्हांला जो पाठवला त्यात आवाजच जास्त आहे. फिरत असताना दोन आवाज ऐकू येतात, एक 'आवळ' आणि एक 'आवळलाय', त्या आम्ही आहोत.

दुसऱ्या दिवशी बुधवार. माझ्या मांड्या, खांदे, बोटांची सगळी पेरं ठणकत होती. मी उशिरापर्यंत झोपले, फाइव्ह गार्डनला गेले नाही, खिडकीकडे फिरकलेही नाही. दिवसभर वर्तमानपत्र वाचलं, दुपारी पुन्हा झोपले. आजोबांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. संध्याकाळी ते म्हणाले, "चला, कार्यक्रम तर झाला."

"अजून तीन मंगळवार आहेत," मी म्हटलं.

"आणि त्यानंतर?"

त्यानंतर भाद्रपद, गणपती, लालबागची गर्दी, घरात पाहुणे. पुष्कळ दिवस बुडणार होते, ते मला आत्ताच दिसत होतं. 

गुरुवारी सकाळी मी पायांत बूट घातले आणि चालायला गेले.